दोन सुया जास्त

सोमवारी दुपारी पहिल्या दिवसाचं लसीकरण आटोपलं. सिस्टरनी फ्रिज उघडून उरलेल्या सुया मोजल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा मोजल्या. चष्मा पुसून मोजल्या. शेवटी शिपाईमामांना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतल्या.

"दहा," मामा म्हणाले.

"नीट मोजा."

"सिस्टर, दहापर्यंत येतं मला."

"अहो, आठ हव्यात! सकाळी सत्तर काढल्या. वहीत नावं बासष्ट. राहिल्या किती?"

"आठ. म्हणजे दोन जास्त झाल्या. कमी तर नाहीत ना? मग खूश व्हा की."

सिस्टर खूश झाल्या नाहीत. लस भरलेली सुई कमी पडली, तर ती हातातून निसटली, वाकली, फुटली असं काहीतरी सांगता येतं. जास्त उरली तर एकच अर्थ निघतो. दोन माणसं फ्लूची लस घेतल्याच्या समाधानात घरी गेली आहेत आणि त्यांना ती टोचलेलीच नाही.

"नोंदताई," त्यांनी हाक मारली, "वहीत एखादं नाव दोनदा पडलंय का बघा बरं."

नोंदताई दाराजवळच्या टेबलाशी बसली होती. आरोग्य केंद्रातल्या सगळ्या नोंदी ती ठेवत असे, म्हणून तिचं नावच तसं पडलं होतं. तिने वही उघडली आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत नेलं. अकराव्या ओळीवर बोट जरा रेंगाळलं. मग पुढे सरकलं.

"नाही," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे."

अकराव्या ओळीत तिचंच नाव होतं.

केंद्रातली पद्धतही तिचीच होती. पूर्वी सिस्टर एका हाताने टोचत आणि दुसऱ्या हाताने लिहीत. वेळ फार जाई, शिवाय वहीवर औषधाचे डाग पडत. तीन वर्षांपूर्वी नोंदताईने सुचवलं, आधी नोंद, मग सुई. टेबलाशी नाव सांगायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची, पडद्यामागे जाऊन टोचून घ्यायचं, पलीकडे बाकावर पंधरा मिनिटं बसायचं, म्हणजे कोणाला चक्कर आली तर लक्षात येईल. शेवटी मामांना चिठ्ठी द्यायची आणि 'मी फ्लूची लस घेतली' असं लिहिलेला हिरवा गोल स्टिकर छातीवर लावून घरी जायचं. डॉक्टरबाईंनी तेव्हा वरिष्ठांसमोर तिचं कौतुक केलं होतं.

या पद्धतीत एकच भोक होतं. पडदा भिंतीपर्यंत पोचत नव्हता. पडदा आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट होती. त्या फटीतून सरळ गेलं, तर सिस्टरची गाठ न पडता माणूस बाकावर पोचत असे. तीन वर्षांत ही फट कोणाला दिसली नव्हती. ती दिसायला आधी सुईची तेवढी भीती वाटायला लागते.

नोंदताईला तेवढी भीती वाटत असे. सत्तेचाळिसाव्या वर्षीही वाटत असे. वर्षभर ती लोकांना सांगे, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं." स्वतः मात्र सुईचं कागदी वेष्टण फाडल्याचा आवाज आला की तिचे पाय आपोआप दाराकडे वळत.

इतकी वर्षं तिचं निभावलं ते बाबांमुळे. दरवर्षी लसीकरणाच्या पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यांना घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला सोबत आणता येत असे. ती बाबांना आणायची. बाबा पडद्यामागे तिच्या शेजारी स्टुलावर बसत आणि तिचा हात घट्ट धरत. "आधी तू घे," असं ते दरवर्षी म्हणत, "म्हणजे तुझी कटकट संपेल." तिची झाली की ते घेत. तेव्हाही तिचा हात सोडत नसत. "असू दे, तुझी थरथर अजून थांबली नाही," म्हणत. बाहेर आल्यावर तिचा तळवा घामाने ओला असे. एवढी मोठी बाई आणि म्हाताऱ्या माणसाचा हात भिजवते, अशी लाज वाटून ती तो गुपचूप रुमालाला पुसून टाके.

उन्हाळ्यात एके दुपारी बाबा पेपर वाचता वाचता गेले.

या सोमवारी तिने अकराव्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि सवयीने पेन बाराव्या ओळीवर गेलं. ते तिथेच थांबलं. तेवढ्यात टेबलासमोर कोणीतरी खाकरलं. घड्याळकाका होते. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधून ते हिंडत आणि तिसऱ्या कुठल्याही घड्याळावर विश्वास ठेवत नसत.

"तुमचं भिंतीवरचं दोन मिनिटं पुढे आहे," ते म्हणाले. "लिहा माझं नाव."

तिने लिहिलं. बारावी ओळ घड्याळकाकांची झाली. डॉक्टरबाई टेबल सांभाळायला आल्या, तशी ती स्वतःची चिठ्ठी घेऊन उठली.

"आधी तुम्ही जा, ताई," घड्याळकाका अदबीने म्हणाले.

ती पडद्यामागे गेली. सिस्टर पाठमोऱ्या उभ्या राहून नवं खोकं उघडत होत्या. खुर्ची रिकामी होती. शेजारचं स्टूलही रिकामं होतं. सिस्टरनी वेष्टण फाडलं, टर्रकन आवाज झाला, आणि पुढच्या क्षणी नोंदताई बाकावर बसलेली होती. मध्ये काय झालं ते तिच्या पायांना ठाऊक. दोन-तीन मिनिटांनी घड्याळकाकाही येऊन शेजारी टेकले. मनगटावर नजर ठेवून त्यांनी पंधरा मिनिटं मोजली, सोळाव्याला उठले आणि स्टिकर लावून गेले. तीही स्टिकर लावून टेबलाशी परतली. गर्दी ओसरली की हळूच सिस्टरना सांगून घेऊन टाकू, असं तिने ठरवलं होतं.

पण गर्दी ओसरली आणि सिस्टरनी फ्रिज उघडला.

एक सुई आपली, हे तिला ठाऊक होतं. दुसरी कोणाची? म्हणजे सिस्टरच्या हातून खरंच कोणीतरी सुटलंय. मग आपण सांगितलं तरी घोळ अर्धा उरणारच. अर्ध्या घोळासाठी पुरती लाज कशाला घ्यायची, असा तिने हिशेब केला. हिशेब चुकीचा आहे हे तिला कळत होतं. तरी तो तिला सोयीचा वाटला.

सिस्टरनी त्या दोन सुया वेगळ्या डबीत ठेवल्या, डबीवर 'चौकशी' असं लिहिलं आणि डबी फ्रिजमध्ये परत ठेवली.

मंगळवारी सकाळी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना जमवलं. "आधी आपलीच माणसं तपासू. काल ज्यांनी घेतली त्यांचे हात दुखत असतील. दाखवा."

सगळ्यांनी आपापले दंड चोळत कुरकुर सुरू केली. नोंदताईनेही दंड धरला आणि तोंड वाकडं केलं.

मामा तिच्याकडे बघत राहिले. "ताई, काल सगळ्यांना डाव्या हाताला दिली. तुमचा उजवा दुखतोय?"

"मी मुद्दाम उजव्यात घेतली," नोंदताई म्हणाली.

"लिहायच्या हातात?"

"हो ना. म्हणून तर जास्त दुखतोय."

डॉक्टरबाई कळवळून म्हणाल्या, "मग आज त्या हाताने लिहू नका हं, ताई. आराम द्या त्याला." त्यामुळे दिवसभर तिला डाव्या हाताने नोंदी कराव्या लागल्या. ज्या वहीचं अक्षर बाहेरच्या पाहुण्यांना दाखवलं जाई, तिची पानं कोंबडी चालून गेल्यासारखी दिसू लागली. दर तासाला मामा येऊन वाकून बघत आणि मान हलवत.

"सिस्टर, तुम्हाला आठवतं का काही?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "कोण राहिलं असेल?"

"आठवत नाही हो," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तेच तर. नोंदताईंना उजव्या हातात दिल्याचंसुद्धा आठवत नाही मला."

या महिन्याच्या शेवटी सिस्टर निवृत्त होणार होत्या. तेहतीस वर्षांत त्यांच्या हातून एक सुई इकडची तिकडे झाली नव्हती. आता चहा पिताना मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी लहानसहान गोष्टी विसरायची. शेवटी मलाच विचारायची, बाई, तुम्ही कोण म्हणून."

नोंदताईचा कप बशीवर जरा जोरात आपटला. तेव्हा बोलायला हवं होतं. तिने कप उचलला आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. तो फार गरम होता.

दुपारी डॉक्टरबाईंनी तिच्यापुढे यादी ठेवली. "बाहेरची एक्कावन्न माणसं आहेत. सगळ्यांना फोन करा. सुई टोचलेली आठवते का एवढंच विचारा. गोड बोला, कोणाला घाबरवू नका."

नोंदताई गोड बोलली.

"आजी, काल तुम्हाला सुई टोचली होती ना?"

"कुठली म्हणतेस? माझी सून दिवसातून दहादा टोचते."

"लसीची, आजी."

"ती होय! ती दुखली नाही गं. सूनबाईला तुमच्या त्या सिस्टरकडे शिकायला पाठवते."

पुढच्या गृहस्थांचा हात दुखत होता, गुडघाही दुखत होता, आणि हात लसीने दुखतोय तर गुडघा कशाने, हे कळल्याशिवाय ते फोन ठेवायला तयार नव्हते. एका बाईंना आपल्याला दोनदा टोचली असावी अशी शंका आली. मग घड्याळकाकांचा नंबर लागला.

"काका, केंद्रातून बोलतेय, नोंदणीवाली. काल तुम्हाला सुई टोचल्याचं आठवतं ना?"

पलीकडे काका खाकरले.

"हे तुम्ही मला विचारताय?" घड्याळकाका म्हणाले. "तुम्ही?"

"सगळ्यांनाच विचारतेय, काका. दोन सुया जास्त उरल्यात, म्हणून."

"उरतील नाहीतर काय! तुमचं घड्याळसुद्धा धड नाही तिथे!" असं ओरडून त्यांनी फोन आपटला.

म्हातारा तापट आहे, एवढंच तिला वाटलं. त्यांच्या नावापुढे तिने डाव्या हाताने 'घेतली' असं लिहिलं.

त्या फोनच्या वेळी घड्याळकाकांची सून शेजारीच उभी होती. काय झालं, असं तिने विचारलं. "त्यांनाच माहीत नाही कोणाला टोचली न् कोणाला नाही," काका म्हणाले. "माझा हात बघ, जरासुद्धा दुखत नाही. रिकामी सुई दिली असणार." सुनेने ते जिन्यात सांगितलं. जिन्यातून ते रस्त्यावर गेलं, रस्त्यावरून दुकानात. बुधवारी सकाळपर्यंत केंद्रात सगळ्यांना नुसतं पाणी टोचतात हे पक्कं झालं होतं. दुपारपर्यंत ते पाणी नळाचं होतं.

बुधवारी साठ माणसांची वाट बघत असताना तेरा आली. त्यांतली चार पाणी कसलं आहे ते विचारून गेली. थंडी सुरू झाली होती आणि बाकावर बसून खोकणाऱ्या म्हाताऱ्यांचे आवाज डॉक्टरबाईंच्या खोलीपर्यंत येत होते. "गेल्या वर्षी याच आठवड्यात साडेतीनशे लोकांनी लस घेतली होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ह्या वर्षी ही माणसं आजारी पडली तर मी काय सांगू?" प्रश्न त्यांनी खिडकीला विचारला होता. नोंदताईने खिडकीच्या वतीने खाली बघितलं.

मधल्या सुट्टीत ती घरी जेवायला गेली, तर आईने ताट वाढता वाढता सांगून टाकलं, "मी काही येणार नाही तुमच्याकडे. पाणी टोचतात म्हणे."

"काहीतरीच काय गं!"

"मग तू सांग. तू घेतलीस ना? औषध होतं की पाणी?"

"औषध."

"हात दुखला?"

"हो."

"कुठला?"

नोंदताईला क्षणभर आठवेना. घरी डावा सांगितला होता की उजवा? आईने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या छातीवरच्या हिरव्या स्टिकरकडे बघितलं, आणि आमटीचं भांडं उचलून आत गेली. आई बोलली नाही की ते घर फार मोठं वाटायचं.

दुपारी सिस्टरनी तिला सामानाच्या खोलीत बोलावलं. खोक्यांवर कागद ठेवून त्यांनी एक पत्र लिहिलं होतं.

"तुमची भाषा चांगली आहे. जरा बघा. उद्या डॉक्टरबाईंना देणार आहे. लोकांसमोर वाचूनही दाखवीन म्हणते. माझी चूक आहे असं कळलं, तर लसीवरचा राग तरी जाईल."

नोंदताईने वाचलं. 'माझ्या हातून दोन नागरिकांना लस देण्याचे राहून गेले. वयोमानाप्रमाणे माझी स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. त्याबद्दल मी सर्वांची क्षमा मागते. उरलेले दिवस मी सुईचे काम करू नये असे मला वाटते.'

"'राहून गेले' बरं, की 'चुकले' लिहू?" सिस्टरनी विचारलं.

"'राहून गेले' बरं आहे," नोंदताई म्हणाली. मग तिने एका ठिकाणी स्वल्पविराम दिला. उजव्या हाताने दिला. सिस्टरच्या ते लक्षात आलं नाही.

आपण आयुष्यात केलेलं सगळ्यात नीच काम एक स्वल्पविराम आहे, हे तिला परत टेबलाशी येईपर्यंत कळलं होतं.

गुरुवारी सकाळी केंद्राच्या दारात शंभरएक माणसं जमली. लस घ्यायला आलेली थोडी, बघायला आलेली जास्त. सगळ्यांत पुढे दोन्ही मनगटं उंचावून घड्याळकाका उभे होते.

"सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी मी इथे होतो!" ते ओरडत होते. "पंधरा मिनिटं बाकावर बसलो! काय मिळालं मला? स्टिकर!"

"मला तर स्टिकरही मिळाला नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"तुम्ही आलाच नव्हता सोमवारी," मामांनी दारातून उत्तर दिलं.

डॉक्टरबाई हात जोडून बोलत होत्या, पण त्यांचा आवाज पोचत नव्हता. मग सिस्टर बाहेर आल्या. धुतलेला पांढरा गणवेश, नीट विंचरलेले केस, हातात घडी घातलेला कागद. त्यांना बघून गर्दी जरा गप्प झाली. सिस्टरनी कागद उलगडला.

"माझ्या हातून..." त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"थांबा!" नोंदताई टेबलामागे उभी राहिली. तिची खुर्ची मागे पडली. "सिस्टर, वाचू नका. त्यातली एक सुई माझी आहे."

सिस्टर वळल्या. "म्हणजे?"

"मी घेतलीच नाही. वहीत नाव लिहिलं, चिठ्ठी घेतली आणि त्या फटीतून बाकावर जाऊन बसले." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. शंभर माणसांनी माना वळवून फटीकडे बघितलं. "तुमच्या हातून राहिलं नाही. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. मी घाबरते. सुईला. लहानपणापासून."

मग मामांनी दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे उजवा हात..."

"दुखत नव्हता, मामा. डावाही नव्हता."

"आणि मी दोन दिवस तुमच्यासाठी फायली उचलतोय!"

गर्दीत हशा पिकला. नोंदताईने तो ऐकून घेतला. कानांच्या पाळ्यांपर्यंत ती लाल झाली होती आणि जमीन काही दुभंगायचं नाव घेत नव्हती. सिस्टर हसल्या नाहीत. त्या जवळ आल्या आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोन रात्री मी घरात सगळ्यांची नावं पाठ म्हणून बघत होते. नातवंडांची, शेजाऱ्यांची. विसरतेय का बघायला." मग मोठ्याने म्हणाल्या, "पत्रात स्वल्पविराम दिलात ना तुम्ही? बसा इथे."

त्यांनी खुर्ची पडद्यामागून ओढत बाहेर आणली आणि सगळ्यांसमोर दारात ठेवली. मामा फ्रिजमधून 'चौकशी'ची डबी घेऊन आले. नोंदताई बसली. टर्रकन वेष्टण फाटलं. तिचे पाय उठायला निघाले, तेवढ्यात एका हाताने तिचा खांदा खाली दाबला. भाजीची पिशवी खांद्याला अडकवून आई शेजारी उभी होती.

"बस खाली," आई म्हणाली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. "माझ्याकडे बघ. भाजी काय महाग झालीये ते विचार मला."

"आई, तू कधी..."

"काल जेवताना कळलं. विचार म्हटलं ना."

"भाजी... आई गं!"

"झालं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी जरा जोरात टोचली असावी. नोंदताईची तक्रार नव्हती.

आईने तिथेच, पिशवी खाली न ठेवता, बाही वर केली आणि आपलीही टोचून घेतली. ते बघून काही माणसं हसत घरी गेली, काही रांगेत राहिली. 'ती घाबरट बाई घेतेय तर औषधच असणार, पाण्याला कोण इतकं घाबरेल,' असं एक आजी सुनेला समजावत होत्या.

पण सिस्टर पत्र हातात धरून तशाच उभ्या होत्या. "एक सुई तरी माझ्याकडून राहिलीच आहे," त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "'दोन नागरिक' खोडून 'एक' करते."

मायलेकी बाकावर बसल्या. पंधरा मिनिटं बसायचं होतं.

"लाज आणलीस," आई म्हणाली.

"हो."

"बाबा असते तर..."

"त्यांनी हात धरला असता. त्यांच्यामुळेच मी घ्यायचे इतकी वर्षं."

आईने तिच्याकडे वळून बघितलं. "ते तुझा हात कशाला धरायचे असं वाटतं तुला?"

"मी घाबरायचे म्हणून."

"तू घाबरायचीस ते खरंच आहे. पण ते तुझ्या दुप्पट घाबरायचे! पहिल्या वर्षी आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. शेवटी मीच म्हटलं, पोरीला धीर द्यायला जातो असं सांगा न् जा. तिला वाटेल बापाने हात धरलाय, तुम्ही तिचा धरा."

नोंदताई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. "'आधी तू घे' म्हणायचे."

"बघायचे ना तू जगतेस का!"

"आणि मला वाटायचं, हात माझाच ओला होतो."

"दोघांचा होत असेल," आई म्हणाली आणि हसली. हसता हसता ती भाजीच्या पिशवीत काहीतरी शोधू लागली. बराच वेळ शोधत होती. मिळालं नाही.

पंधरा मिनिटं झाली. नोंदताई टेबलाशी परतली, वही उघडली आणि अकराव्या ओळीपुढे समासात 'गुरुवारी घेतली' असं उजव्या हाताने लिहिलं. तेवढ्यात टेबलासमोर कोणीतरी खाकरलं.

घड्याळकाका होते. त्यांचा आवाज सकाळच्या मानाने फारच लहान झाला होता.

"ताई, ती बारावी ओळ आहे ना..."

"तुमची. हो."

"तिच्यापुढेही तसंच लिहायला लागेल." त्यांनी मागे सून उभी नाही ना ते बघितलं. "सोमवारी मी पडद्याशी उभा होतो. तुम्ही भिंतीकडून सटकलात ते बघितलं. म्हटलं, इथली बाईच जातेय तर हा रस्ता नियमातलाच असेल. फोन केलात तेव्हा वाटलं, मला पकडायला केलाय."

नोंदताईने वही बंद केली. ती उठून सिस्टरकडे गेली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली. सिस्टरनी घड्याळकाकांकडे बघितलं, हातातल्या पत्राकडे बघितलं, एक मोठा श्वास सोडला आणि पत्राचे चार तुकडे केले. "मामा, 'चौकशी'तली दुसरी आणा," त्या म्हणाल्या. तेहतीस वर्षांचा त्यांचा जुना खणखणीत आवाज परत आला होता.

खुर्ची पुन्हा पडद्यामागे गेली. फटीवर मामांनी लोखंडी कपाट सरकवलं. घड्याळकाका खुर्चीत बसले, एका मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढून खिशात ठेवलं, आणि सिस्टर पाठमोऱ्या असताना हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही जरा इथे स्टुलावर बसा. मला काही नाही हो. पण मघाशी बघितलं, तुमची थरथर अजून थांबलेली नाही. म्हणून म्हणतो."

नोंदताई स्टुलावर बसली.

"नाही थांबली, काका," ती म्हणाली. "धरा."

त्यांनी तिचा हात धरला. तळवा गार होता आणि घामाने पुरता भिजलेला होता. वेष्टण फाटल्याचा आवाज झाला, तशी त्यांची बोटं तिच्या बोटांवर करकचून आवळली.

सिस्टर "झालं" म्हणाल्या. तरी काकांनी हात सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही. बाहेर आल्यावर नेहमीच्या सवयीने तिचा हात रुमालाकडे गेला आणि वाटेत थांबला. ओल्या तळव्यानेच तिने पेन उचललं आणि बाराव्या ओळीपुढे लिहिलं. शाई जरा फुटली.